आईनंतरचं माहेर

वडूजला मी समुपदेशनाचं काम करते. खटाव तालुक्यातल्या गावागावांतून बायका येतात, पण दुःखाची तक्रार घेऊन कुणी येत नाही. डोकं धरतं, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, घास गिळत नाही, असं सांगतात. तपासण्या झालेल्या असतात आणि त्यांत काही निघालेलं नसतं. मग मी माहेरची चौकशी करते. ‘आई गेली औंदा’ एवढं बोलून झालं, की पुढचं सगळं आपोआप येतं. तोवर त्यांना हे कुणी विचारलेलंच नसतं.

आपल्या रीतीनं आईच्या मागं मुलाला काम नेमून दिलं आहे. अग्नी द्यायचा, माती सावडायची, दहाव्याला पिंड ठेवायचा, वर्षश्राद्ध घालायचं. लोक त्याला भेटायला येतात. लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक तीन दिवसांचं. दहावा-तेरावा उरकून ती सासरी परतते, तिथं जनावरं, रान, मुलांची शाळा तिची वाट बघत असतात. तिच्या दुःखाला मुदत मिळते, काम मिळत नाही.

शिवाय तिचं नुसतं एक माणूस गेलेलं नसतं. आमचा भाग दुष्काळी. येरळेच्या खोऱ्यातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी देशभर पांगली, कितीतरी मुंबईत माथाडी झाली. गावातलं घर उघडं असतं ते आईमुळं. ती गेली की भाऊ कुलूप लावून कामाच्या गावी परततो. मग पंचमीला यायचं कुणाकडं, सासरचं सांगायचं कुणाला? आईबरोबर माहेरही जातं, आणि या दुसऱ्या नुकसानीसाठी कुणी भेटायला येत नाही.

जात्यावर बसणाऱ्या बायकांना हे नेमकं ठाऊक होतं. आईसाठीचा शोक म्हटलं की आपल्याला साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ आठवते. तो लेकाचा शोक. लेकीचा शोक ओव्यांत आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. आई, माहेर आणि आईवाचून ओसरलेलं माहेर त्यांत पुन्हा पुन्हा येतं. पहाटे दळता दळता बाई आईला आठवायची. दळण चालू असायचं, म्हणून तिला कुणी गप्प करत नव्हतं.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक स्खुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये शोकाबद्दल जे मांडलं, ते मला या ओव्यांजवळचं वाटतं. त्यांच्या मते शोकातलं माणूस पंचमीच्या झोक्यासारखं दोन्हीकडं जात राहतं. एकदा दुःखाकडं, एकदा रोजच्या कामाकडं. दोन्ही गरजेचं आहे. नुसतं रडत बसणं घातक, तसं नुसतं कामात बुडून राहणंही. जात्यावर ही दोन्ही एका वेळी घडत होती. गिरणी आली, बाईचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण रोज आईचं नाव घ्यायची जागा गेली, ती पुन्हा करावी लागेल.

म्हणून मी बायकांना ‘विसरा आता’ असं कधी सांगत नाही. गेलेल्या माणसाशी नातं तोडलं तरच मन सावरतं, असं पूर्वी मानत. १९९६ पासून अभ्यासकांनी उलट दाखवलं आहे. नातं टिकवूनही माणूस सावरतं. आईच्या लुगड्यांची वाकळ शिवा, नातवंडांना तिच्या गोष्टी सांगा, रानात एकट्या असाल तेव्हा मोठ्यानं बोला तिच्याशी. यात वेडेपणा काही नाही.

मदत कधी घ्यावी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाला आजार म्हटलं आहे. सहा महिने उलटूनही ओढ तशीच तीव्र असेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटला तर सहा महिने थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येतं.

आता भावांना सांगायचं आहे. दिवस झाले न झाले तोच सातबाऱ्याचा विषय निघतो आणि बहिणीपुढं हक्कसोडपत्र येतं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. सही केली नाही तर उरलंसुरलं माहेर तुटेल, या धास्तीनं ती सही करते, आणि पुढं कित्येक वर्षं ती सही तिला टोचत राहते. वारसनोंदीला हक्कसोड लागत नाही. तिला काय ठरवायचं ते ठरवू द्या, पण पहिल्या वर्षात कागद पुढं करू नका.

वर्षश्राद्धाला तिला पाहुणीसारखं बसवू नका, आईच्या आवडीचा स्वयंपाक तिच्या हातानं होऊ द्या. घराच्या कुलपाची एक किल्ली तिच्याकडं द्या. या दिवाळीत भाऊबीजेला तुम्ही गावी या आणि तिला आधी फोन करून बोलवा. आजवर माहेर आईनं एकटीनं राखलं. यापुढं ते भावंडांनी मिळून राखायचं आहे.