पंचवीस लाखांचा टोमणा

१० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल गावच्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूपत्ता तोडायला गेल्या होत्या. इकडे आमच्या मूल तालुक्यातही तोच हंगाम, तसंच जंगल. त्या संध्याकाळी मी फेसबुकवर लिहिलं : तोडाईच्या दिवसांत गस्त वाढवा, घरच्यांना मदत लवकर द्या.

रात्रीत खाली अनोळखी लोकांची रीघ लागली. चेहऱ्याच्या जागी वाघ, गावाचा पत्ता नाही, मजकूर जवळपास एकच : जंगल वाघाचं, तुम्ही घुसखोर. मग तो टोमणा आला, पंचवीस लाखांसाठी घरच्या बायकांना मुद्दाम पाठवता. मृताच्या वारसांना सरकार २५ लाख रुपये देतं, त्यावरून. शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं. त्या ७० पानांचा पुडा बांधत होत्या. हात थांबला. "त्याईले विचार, आमी का हौसेनं जातो का जंगलात?"

हे ठरवून केलं जातं, अशी माझी खात्री आहे. मागणी गस्तीची होती. दुसऱ्या दिवशी मी मात्र आमच्या बायका लोभी नाहीत हे सिद्ध करत बसलो होतो. गस्तीचा विषयच संपला. २०१८ मध्ये पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीला गोळी घालून मारलं, तेव्हाही हेच पाहिलं. तिला बेशुद्ध करून पकडण्याचा पुरेसा प्रयत्न झाला का, हा प्रश्न रास्त होता आणि तो विचारायलाच हवा होता. पण हॅशटॅगच्या त्या गदारोळात तिच्या हल्ल्यांत गेलेल्या माणसांची गावं कुणाला दिसलीच नाहीत.

जंगलात जाता कशाला, असं विचारणाऱ्यांना २००६ चा वनहक्क कायदा ठाऊक नसतो. तेंदू आणि मोह गोळा करण्याचा हक्क त्यानं दिला आहे. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात वाघांच्याच गणनेच्या कामावर असताना वाघिणीनं मारलेल्या वनरक्षक स्वाती ढुमणे, त्यांना काय विचारणार?

आता मी टोमण्यांना उत्तर देत नाही. काकू सांगतात ते त्यांच्याच बोलीत लिहितो : किती वाजता निघतात, कोणत्या वाटेनं, पुड्याला काय भाव मिळाला. खाली शिव्या पडल्या की गावातल्या पोरी स्वतःच्या नावानं, गावाच्या नावानं लिहितात. आणि गस्तीचा अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात बायकांनीच नेऊन दिला आहे.