चांद्याचा परकोट आणि शिपायाच्या वेशातला राजा

वाचकहो, धानाची कापणी-मळणी आटोपली, पोती घरात आली, की चार दिवस सवडीचे मिळतात. त्या दिवसांत कुठे जावे, असा प्रश्न घरात निघाला, तर यंदा चांद्याकडे या. सरकारदरबारी चंद्रपूर हे नाव रुळून कित्येक वर्षे झाली, पण झाडीपट्टीतला म्हातारा माणूस अजून 'चांद्याला जातो' असेच म्हणतो. थंडीतच या. उन्हाळ्यात इथला पारा कुठवर चढतो, ते तुम्ही दर वर्षी वर्तमानपत्रात वाचताच.

नागपूरकडून एस. टी.ने आलात, तर शहरात शिरताना जटपुरा दरवाजा लागतो. मोटारी, रिक्षा, सायकली, सगळ्यांची त्या जुन्या कमानीखाली दाटी असते. गर्दीत मान वर करून पाहायला कुणाला सवड नसते. तुम्ही मात्र बाजूला उभे राहून पाहा. हा दरवाजा ज्या भिंतीत आहे, त्या भिंतीला इथले लोक परकोट म्हणतात. पूर्ण गावाभोवती सुमारे तीन कोसांचा हा दगडी वेढा आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे, आणि हनुमान, विठोबा, चोर, बगड, मसान अशा नावांच्या पाच खिडक्या. खिडकी म्हणजे हवेची खिडकी नव्हे, माणूस जाईल-येईल असे लहान दार. एका बाजूने इरई आणि एका बाजूने झरपट, अशा दोन नद्यांनी या परकोटाला पाण्याची सोबत दिली आहे.

हा परकोट बांधला गोंड राजांनी. खांडक्या बल्लाळशहाने त्याची आखणी केली असे सांगतात. एक ससा शिकारी कुत्र्याच्याच मागे लागलेला राजाने पाहिला, आणि ज्या मातीत सशाला एवढे बळ येते तिथेच शहर वसवायचे ठरवले, अशी कथा घरोघरी ऐकायला मिळते. अंचलेश्वराच्या देवळाजवळ त्या राजघराण्याच्या समाध्या आहेत. त्यांतली बीरशहाची समाधी अवश्य पाहा. याच राजांच्या काळात झाडीपट्टीत तलाव खोदले गेले. आजही कित्येक बांध्यांना त्यांचे पाणी मिळते.

परकोटावर बरीच वर्षे झुडपे माजली होती. २०१७ पासून शहरातल्या तरुण मंडळींनी विळे-कुऱ्हाडी घेऊन तो साफ करायला घेतला, म्हणून आज बऱ्याच भागावर चालत जाता येते. त्या वाटेवरूनच तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. गोष्ट फितुरीची आहे. शत्रूच्या फौजेत, शत्रूचाच गणवेश घालून, मनाने दुसऱ्याच्या बाजूला असलेल्या माणसांची आहे.

गोंडांचे राज्य १७५१ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या हाती गेले. पुढे भोसले घराण्यात वाटण्या झाल्या. शेतकऱ्याच्या घरात वावर वाटले जाते, तसे तिथे मुलूख वाटले गेले. चांदा आणि छत्तीसगड धाकट्या पातीकडे आले. त्या पातीतले व्यंकोजी भोसले आणि त्यांचा मुलगा मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब. नागपूरच्या गादीवरचे दुसरे रघूजी १८१६ च्या मार्चमध्ये वारले. त्यांचा मुलगा परसोजी शरीराने आणि बुद्धीने अधू होता. तेव्हा चुलतभाऊ म्हणून आप्पासाहेब कारभार पाहू लागले.

इथून दुटप्पीपणाला सुरुवात झाली. दरबारात विरोधक फार, म्हणून आप्पासाहेबांनी इंग्रजांचा हात धरला. २७ मे १८१६ रोजी गुपचूप तैनाती फौजेचा तह झाला. पुढच्या वर्षाच्या आरंभी काही कामाचे निमित्त करून आप्पासाहेब नागपूर सोडून इथे चांद्याला येऊन राहिले. ते इथे असतानाच १ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी तिकडे नागपुरात परसोजी अंथरुणात मेलेले आढळले. आप्पासाहेब राजे झाले. हा खून त्यांनीच घडवला, असा ठपका इंग्रजांनी पुढे त्यांच्यावर ठेवला.

राजा झाल्यावर इंग्रजांची गरज संपली आणि तैनाती फौजेचा जाच वाटू लागला. वरून रेसिडेंट जेंकिन्सशी गोड बोलणे, आतून पुण्याला बाजीराव पेशव्यांशी पत्रव्यवहार. पेशव्यांनी ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला इंग्रजांवर चाल केली, तरी आप्पासाहेब मैत्रीच्या शपथा घेतच होते. २४ नोव्हेंबरला त्यांनी भर दरबारात पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे स्वीकारली, आणि दोन दिवसांनी सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा सुरू झाल्या. लढाई इंग्रजांनी जिंकली. आप्पासाहेब शरण आले. जानेवारी १८१८ मध्ये नव्या अटींवर त्यांना पुन्हा गादीवर बसवण्यात आले.

इथे चांद्याचे नाव परत येते. नावाचे राजेपण मिळाले, पण आप्पासाहेब गप्प बसले नाहीत. चांद्याचा किल्लेदार गंगासिंग हा त्यांचा विश्वासू माणूस. त्याला आतून निरोप गेले की, माणसे भरती कर, किल्ला सज्ज ठेव. बाजीरावांना निरोप गेला की, चांद्याकडे या. आपणही संधी साधून नागपुरातून निसटून याच परकोटाच्या आड यायचे, असा बेत होता. पण कागद हा दुधारी असतो. काही पत्रे इंग्रजांच्या हाती लागली आणि १५ मार्च १८१८ रोजी आप्पासाहेबांना कैद झाली. तिकडे बाजीराव चांद्याच्या रोखाने येत होते, त्यांना कर्नल अ‍ॅडम्सने १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ गाठले आणि उधळून लावले.

आता खरा प्रसंग ऐका. कैदी राजाला अलाहाबादच्या किल्ल्यात ठेवायचे ठरले. मेच्या आरंभी पहाऱ्यात त्यांची रवानगी झाली. पहाऱ्यावर होते कंपनी सरकारच्या बंगाल फौजेचे देशी शिपाई. अंगात कंपनीचा लाल डगला, खांद्यावर कंपनीची बंदूक, पोटात कंपनीचे मीठ. वाटेत त्यांच्यातल्याच काहींशी आप्पासाहेबांचे सूत जमले. लाच दिली गेली, असे इंग्रजांनी लिहून ठेवले. पदच्युत राजाविषयी काहींच्या मनात कळवळाही असेल. पैसा आणि कळवळा हे दोन्ही एकाच मनात राहू शकतात, हे संसार केलेल्या माणसाला सांगायला नको.

जबलपूरजवळ रायचूर नावाच्या गावी मुक्काम होता. १२ मेची रात्र उलटून १३ मेची पहाट व्हायची होती. पहारा बदलण्याची वेळ आली. तंबूत एक गणवेश आधीच पोहोचला होता. राजाने तो चढवला आणि पहारा बदलून जाणाऱ्या शिपायांबरोबर पावले टाकीत तो छावणीबाहेर पडला. बिछान्यावर उशी ठेवून वर पांघरूण घातलेले होते. सेवक बसून त्या उशीचेच अंग चेपीत होते! सकाळी अंमलदाराने डोकावले, तर राजेसाहेब निजलेले दिसले. खरा प्रकार उघड झाला तेव्हा राजा दूर गेला होता, आणि त्याच्याबरोबर काही शिपाईही पसार झाले होते.

युद्धात हेर अनेक असतात. वेश पालटून परक्या छावणीत जाणारा हेर वेगळा, आणि त्याच छावणीत भाकरी खाऊन, तिथलाच म्हणून ओळखला जाऊन, ऐन वेळी दुसऱ्याच्या कामी येणारा माणूस वेगळा. पहिल्याला पकडता येते, कारण तो कुठेतरी चुकतो. दुसऱ्याला ओळखणार कसे? त्याची चाल खरी, बोली खरी, गणवेश खरा. फक्त मन तेवढे दुसरीकडे. त्या रात्री कंपनीच्या फौजेला हेच भोवले.

आता तुम्ही चांद्याच्या परकोटावरून आग्नेय कोपऱ्याकडे चालत या. राजा सुटला त्याच सुमारास इथे काय चालले होते? ९ मेला कर्नल अ‍ॅडम्सची फौज चांद्यासमोर येऊन ठाकली होती. गंगासिंगाने शरण यायला नकार दिला. तोफा लागल्या, आग्नेयेकडच्या तटाला खिंडार पडले, आणि २० मेला सकाळी इंग्रजी फौज त्यातून आत घुसली. गंगासिंग पडला. त्याच्याबरोबर शेकडो माणसे पडली. शहर लुटले गेले.

वाचकहो, तारखा पुन्हा जुळवून पाहा. १३ मेला राजा मोकळा, २० मेला चांदा पडले. मध्ये अवघे सात दिवस. ज्याच्यासाठी किल्ला राखला, तो राजा जिवंत आणि सुटा होता. पण तो या दिशेला आलाच नाही. तो गेला महादेवाच्या डोंगरात, पचमढीकडे. गंगासिंग मात्र ज्या जागी नेमला होता त्याच जागी उभा राहिला. एकाने दोन्हीकडे पाय ठेवले, दुसऱ्याने एकाच जागी रोवले. त्या भिंतीवर हात ठेवला की मला आधी गंगासिंग आठवतो, आप्पासाहेब मागून.

महादेवाच्या डोंगरात आप्पासाहेबांना गोंड राजांनी आसरा दिला. इंग्रजांनी त्यांना पकडून देणाऱ्यास मोठे बक्षीस आणि वर जहागीर जाहीर केली. महिनेच्या महिने गेले, पण त्या डोंगरातल्या कुणी त्यांना विकले नाही. पुढे १८१९ मध्ये ते अशीरगडाकडे निसटले, तिथून पंजाबात गेले, आणि शेवटी जोधपूरला आसऱ्याला राहून १८४० मध्ये वारले. चांद्याला ते परत आले नाहीत.

एवढ्यावर परतू नका. आणखी एक दिवस हाताशी ठेवा आणि दक्षिणेला जा. बल्लारपूर, गोंडपिपरी मागे टाकून आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. २६ ऑगस्ट १९८२ ला तो चंद्रपुरातून वेगळा झाला. जवळच चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा मिळतात आणि प्राणहिता होते. तो संगम पाहण्यासारखा आहे. पुढे आलापल्लीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागवान आणि मोह. आलापल्लीहून अहेरी जवळच.

या मुलखात चांदा पडल्यावर चाळीस वर्षांनी दुसरी गोष्ट घडली. मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके याने १८५८ च्या मार्चमध्ये राजगड परगण्यावर चाल करून इंग्रजांविरुद्ध बंड उभारले. त्याच्या फौजेत गोंड होते, रोहिले होते. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्याला मिळाले. २९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. त्यात गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले, आणि तिसरा, पीटर, निसटला. जंगलात बाबूराव इंग्रजांच्या हाती लागेना. मग कॅप्टन क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंमार्फत फास आवळला. मोलमपल्ली ही अहेरीच्याच ताब्यातली लहान जमीनदारी. बाबूराव पकडला गेला तो आपल्याच मुलखातल्या माणसांकडून. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्याला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. तेव्हा तो पंचविशीत होता. व्यंकटराव बस्तरकडे निसटले, पण १८६० मध्ये तिथल्या राजाने त्यांनाही धरून दिले. त्यांची जमीनदारी जप्त झाली आणि तिच्यातली गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आपण सहज बोलून जातो. ती अहेरीच्या जंगलात आठवली की अंगावर काटा येतो. तरी घाईने निवाडा करू नका. मानेवर सुरी असताना जमीनदारी राखायची की आपला माणूस, हा प्रश्न एका बाईपुढे टाकला गेला होता. रायचूरच्या शिपायांनी धन्याचे मीठ मोडले, त्यांना आपण मनातून शाबासकी देतो. अहेरीने आपला माणूस दिला, त्याची खंत वाटते. दोन्हीकडे विश्वासच मोडला होता. कुणाचा मोडला आणि कुणासाठी, यावर आपले मत ठरते. मुलाबाळांना ही गोष्ट सांगताना दोन्ही बाजू सांगा.

परतीच्या वाटेवर चांद्यात तुरुंगाकडे पाय वळवा. बाबूरावाला जिथे फाशी दिली, त्या पिंपळाची जागा तिथे दाखवतात. दर वर्षी २१ ऑक्टोबरला खेड्यापाड्यांतून माणसे येऊन तिथे फुले वाहतात. त्या दिवसांत हलके धान कापणीला आलेले असते, हातातले काम टाकून ती येतात. त्यांच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याजवळ बसा आणि त्याच्या तोंडून हीच गोष्ट ऐका. मी सांगितली त्याहून ती थोडी वेगळी असेल. ऐकून घ्या, आणि मग शेवटची एस. टी. धरा.