स्लॅबखालची गोदावरी

द्वारका चौकात उभं राहिलं की नाशिकला येणारा प्रत्येक रस्ता आपल्याच अंगावर येतोय असं वाटतं. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता इथे एकमेकांत घुसतात. वर उड्डाणपूल, खाली पादचाऱ्यांसाठी बांधलेला आणि पादचाऱ्यांनी कधीच मनावर न घेतलेला भुयारी मार्ग. नाशिकरोड स्टेशनवरून आलेली माणसं रिक्षातून मान बाहेर काढून विचारतात, "भाऊ, त्र्यंबक?" अजून तीसेक किलोमीटर आहे म्हटलं की पिशवीतलं कोरं धोतर आणि नारळ सावरून पुन्हा आत बसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे मंदिर असतं, नदी असते. नगरपालिका कुणाच्याच डोळ्यांपुढे नसते.

मला मात्र त्र्यंबक म्हटलं की अलीकडे पालिकाच आधी आठवते. २०११ च्या जनगणनेत गावाची वस्ती १२ हजारांच्या आसपास. कायद्याच्या भाषेत ही 'क' वर्ग नगरपरिषद, म्हणजे ४० हजारांच्या आतलं गाव. एवढ्या गावाला एक मुख्याधिकारी, मूठभर नगरसेवक, थोड्या घंटागाड्या आणि एक बऱ्यापैकी मुकादम पुरे व्हावा. पण श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखो पावलं येतात, पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या उतरतात आणि बारा वर्षांनी सिंहस्थ येऊन बसतो. घरपट्टी भरणारे बारा हजार आणि संडास शोधणारे लाख! हे गणित कुठल्या अंदाजपत्रकात बसवायचं? बाहेरच्या गाड्यांकडून वेशीवर घेतल्या गेलेल्या प्रवेशशुल्कावर येणारा प्रत्येक जण कुरकुरला आहे. मीही कुरकुरलो आहे. पण पावती खिशात घालून परतताना आपण मागे काय टाकून आलो, याचा हिशेब कुणी करत नाही.

इथली नदी मुळातच दडी मारणारी. ब्रह्मगिरीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून जवळपास तेराशे मीटरवर ती प्रकटते आणि लगेच लुप्त होते. खाली गंगाद्वारी पुन्हा दिसते, पुन्हा नाहीशी होते. गौतम ऋषींनी शेवटी दर्भ टाकून तिला अडवलं, ते कुशावर्त, अशी कथा. कथेतला भूगोल खोटा नाही. काळ्या कातळाच्या या डोंगरात पाणी कुठे मुरेल आणि कुठे पाझरेल, याचा भरवसा नाही. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यात होळकरांचे फडणीस पारनेरकर यांनी कुशावर्ताचं चौकोनी कुंड दगडात बांधून काढलं, भोवती ओवऱ्या उभ्या केल्या. त्याच सुमारास नानासाहेब पेशव्यांनी मंदिराचं काम काढलं. ते त्यांच्या पश्चात १७८६ पर्यंत चाललं. १८१८ मध्ये ब्रह्मगिरीवरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, तरी यात्रा काही थांबली नाही. १९०७-०८ च्या सुमारास कराचीच्या एका शेठजींनी डोंगरावर दगडी पायऱ्या बांधून दिल्या. चाळीस हजार रुपये लागले म्हणतात. एवढं सगळं बाहेरच्यांनी बाहेरच्यांसाठी बांधलं. पायऱ्या झाडायचं काम तेवढं गावाकडे आलं.

आपल्या पिढीनं या यादीत स्लॅब घातला. गावातून वाहणारी गोदावरी रुंदीला एखाद्या ओहोळाएवढी. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला दुकानं आणि वर्षातून कित्येकदा चेंगरून निघणारी गर्दी. तेव्हा रस्ता हवा म्हणून टप्प्याटप्प्यानं ती वरून झाकली गेली. आज मेन रोडवरून चालणाऱ्या दहा जणांना विचारा, गोदावरी कुठे आहे? नऊ जण कुशावर्ताकडे बोट दाखवतील. पायाखाली कुणीच दाखवणार नाही. नऊशे मैलांहून अधिक लांबीची, आंध्रात राजमहेंद्रीला समुद्रासारखी पसरणारी नदी तिच्या जन्मगावी मात्र पालिकेच्या बांधकाम खात्यातली एक बाब होऊन गेली. सांडपाणीही तिच्यातच. पुढे ती गंगापूर धरणात जाते आणि ते धरण नाशिक पितं. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं, सुनावण्या झाल्या, आदेश निघाले. नाशिककरांनी त्र्यंबकच्या गटारांविषयी नाक मुरडायला हरकत नाही, पण मुरडताना हातातल्या पेल्याकडेही बघावं.

नदीला स्लॅब कळत नाही. नाशिकच्या दुपटी-तिपटीनं पाऊस इथे पडतो आणि डोंगर तीन बाजूंनी पाणी गावातच ओततो. आषाढात एक मोठी सर चार तास टिकली की झाकलेली नदी उघड्यावर येते आणि मेन रोडवरून, तेली गल्लीतून वाहू लागते. तेली गल्लीतल्या एका दुकानाच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी उभ्या खाचा पाडलेल्या मी पाहिल्या. दुकानदारांनी आतून तीन फळ्या आणून एकावर एक त्या खाचांत बसवून दाखवल्या. फटींत कोंबायला जुन्या गोणपाटाची गुंडाळी फळ्यांसोबतच सुतळीनं बांधलेली होती. "पहिली फळी मृगात, दुसरी आषाढात," ते म्हणाले. "तिसरी लागली की समजायचं, आज धंदा नाही." रुद्राक्षाच्या माळा त्यांनी आधीच वरच्या खुंट्यांवर घेतल्या होत्या. खालच्या कप्प्यात तांब्याचे गडवे होते, ते भिजले तरी चालतात.

आणि गंमत म्हणजे, हेच गाव उन्हाळ्यात पाण्याच्या वेळा मोजतं. गावाला गंगासागर तलावाचा आणि धरणांचा आधार तरी आहे. वर ब्रह्मगिरीच्या अंगावर मेटघर किल्ला ग्रामपंचायतीतली मेटं, म्हणजे छोट्या वस्त्या, आहेत. तिथल्या बायकांना चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी विहिरीत उतरावं लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. नदीच्या उशाशी राहणाऱ्यांची ही गत. याच पाड्या-मेटांवरच्या मावश्या पायथ्याच्या रस्त्याकडेला करवंदं, जांभळं, आवळे घेऊन बसतात. पानांच्या द्रोणात करवंदं देतात. पालिकेच्या हद्दीत त्यांचं बसणं अतिक्रमण ठरतं की नाही, हे त्या त्या मोसमावर आणि त्या त्या साहेबांवर अवलंबून असतं.

गावात दोन दप्तरं चालतात. एक तीर्थोपाध्यायांचं. लांबट वह्या, लाल कापडात गुंडाळलेल्या, गावाच्या आणि आडनावाच्या हिशेबानं लावलेल्या. तुम्ही गाव सांगितलंत की गुरुजी पानं उलटत जातात आणि तुमच्या पणजोबांची मोडीतली सही समोर ठेवतात. मोठमोठ्या माणसांचे डोळे तिथे भरून येतात, मी पाहिलं आहे. दुसरं दप्तर पालिकेचं. जन्म, मृत्यू, घरपट्टी, नळजोडणी. पहिल्या दप्तरात सगळा मुलूख आहे, दुसऱ्यात फक्त त्र्यंबक. ज्या गावानं देशभरच्या कुळांच्या पिढ्या जपून ठेवल्या, त्याची स्वतःची पिढी मात्र नळाला पाणी किती वाजता सुटतं या रकान्यात नांदते. शाळेत जाणारी पोरं यात्रेच्या दिवशी बॅरिकेडखालून वाकून घरी येतात. लग्न काढताना मुहूर्ताबरोबर पर्वणीचीही तारीख बघावी लागते, नाहीतर वऱ्हाड पार्किंगलाच अडकायचं.

तरी पाहुण्यांविषयी गाव तक्रारीच्या सुरात बोलत नाही. बोलणार कसं? नारायण नागबळी, त्रिपिंडी, कालसर्प हे विधी, त्यांच्या मागोमाग लॉज, भोजनालयं, फुलं, रिक्षा. सगळ्या चुली यजमानांवरच पेटतात. चिडचिड असते ती दुसऱ्या सकाळची. फेरीचा सोमवार सरला की मंगळवारी पहाटे मेन रोडवर जे उरतं, त्यात तुटक्या चपलांचाच एक ढीग होतो. निर्माल्य वेगळं, पत्रावळी वेगळ्या, प्लास्टिक वेगळं, आणि भिजून जड झालेले, नदीकाठी सोडून दिलेले कपडे, जे कुठल्याच गाडीत धड बसत नाहीत. हे कपडे उचलणं सगळ्यांत वाईट, असं एका सफाई कामगारानं मला सांगितलं. ओलं धोतर दोघांनी दोन टोकांना धरून पिळावं लागतं, नाहीतर उचलवत नाही. कपडे नदीत टाकू नयेत अशी पाटी तिथे आहे. पाटीच्याच खांबाला कुणीतरी ओली साडी बांधून गेलेलं होतं.

जिल्ह्यातल्या छोट्या पालिकांवर बराच काळ प्रशासक होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून आले. दरम्यान सिंहस्थासाठी राज्यानं नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण स्थापन केलं. रस्ते रुंद होताहेत, टपऱ्या हलताहेत. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला. कामं व्हायला हवीत, त्यात वाद नाही. मोठ्या यात्रेचा भार 'क' वर्गाच्या खांद्यावर टाकणं हाच मुळात अन्याय होता. पण कुंभ संपल्यावर प्राधिकरण आपला बाडबिस्तरा आवरील, आणि त्यानं बांधलेल्या प्रत्येक नळ्याचं, प्रत्येक दिव्याचं बिल पुढची बारा वर्षं पालिकेच्या टेबलावर येत राहील, एवढं सांगायला ज्योतिषी लागत नाही.

त्र्यंबकला अमृतस्नानं आहेत २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि १२ सप्टेंबर २०२७ ला. तिन्ही पावसाळ्यात. तेली गल्लीतल्या त्या दुकानदारांनी तारखा कॅलेंडरवर आधीच शोधून ठेवल्या होत्या. "दोन ऑगस्टला तिसरी फळी लावायची वेळ आली, तर साधू कुठून जाणार?" असं विचारून त्यांनी गल्लापेटीतून एक अर्ज काढला. जूनच्या आत स्लॅबखालचा गाळ काढावा, असा. मजकूर नेटका होता, खाली शेजारच्या दुकानदारांच्या सह्या होत्या. फक्त मायना कोरा होता. पालिकेला लिहायचा की प्राधिकरणाला, हे गल्लीचं अजून ठरलं नव्हतं.