आरामाची सोबतीण

गुठळीबाईंना बसलेली माणसं फार आवडतात. चालत्या माणसाशी त्यांचं पटत नाही, कारण पाऊल पडलं की पोटरीचे स्नायू खोल शिरांतलं रक्त वर ढकलतात. ते स्नायू स्वस्थ झाले की रक्त साचतं, गोठतं आणि बाई बैठक मारतात.

अमरावतीच्या राजापेठेतून रात्री पुण्याच्या गाडीत बसणाऱ्यांवर त्यांचं लक्ष असतं. वाटेत उतरावं लागू नये म्हणून पाणी न प्यायलेले, पाय लोंबकळत ठेवून झोपलेले. तरी नुसत्या प्रवासावर बाई सहसा भाळत नाहीत, त्यांना आधीची ओळख लागते. महिन्याभरापूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालेले काका, गर्भनिरोधक गोळ्या घेणारी सून, कॅन्सरचे उपचार चाललेला कोणी, किंवा ज्यांच्याकडे त्या एकदा मुक्काम करून गेल्या असे जुने यजमान. बाळंतिणीवर तर विशेष लोभ. ‘उठू नोको वं माय’ म्हणत तिला खाटेवर ठेवणारी सासू नकळत बाईंचीच सरबराई करत असते.

१९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा लोक तळघरांत कापडी खुर्च्यांवर रात्री काढत. बॉम्बातून वाचलेले काही जण त्या खुर्च्यांनीच नेले, हे कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी नोंदवलं. युद्धाच्या धामधुमीतही बाईंनी बसलेलेच गाठले.

जन्म पायात, नाव फुप्फुसात. पोटरीत आहेत तोवर पुष्कळदा कोणाला पत्ताही नसतो. मांडीच्या शिरेपर्यंत वाढून सुटल्या की उजव्या हृदयातून थेट फुप्फुसाच्या धमनीत जाऊन वाट अडवतात.

आणि तिथं गेल्यावर नाव खोटं सांगतात! अचानक धाप, खोल श्वास घेताना छातीत टोचणं, चक्कर, क्वचित थुंकीत रक्त. घरचे म्हणतात, ‘ॲसिडिटी हाय जी, सोडा द्या.’ दवाखान्यात कधी न्यूमोनियाचा संशय, कधी हार्ट अटॅकचा.

म्हणून डॉक्टरांनी बाईंसाठी गुणपत्रिका केली आहे. पायात गुठळीच्या खुणा, म्हणजे एकच पाय सुजलेला वगैरे, तर ३ गुण. दुसरा आजार बाईंपेक्षा कमी संभवत असेल तर आणखी ३. नाडी १०० च्या वर, दीड. चार आठवड्यांत ऑपरेशन किंवा अंथरूण धरलेलं, दीड. बेरीज ४ च्या वर गेली की थेट सीटी अँजिओग्राफी. कमी भरली तर आधी रक्ताची डी-डायमर चाचणी. ही तपासणी मोठी भित्री. गरोदरपण, म्हातारपण, साधा जंतुसंसर्ग, कशानंही वाढते. तिचा खरा उपयोग ती नॉर्मल आली की. गुण कमी असले तर मग बाई घरात नाहीत असं समजायचं. २०२१ च्या कोरोना लाटेत अमरावतीत किराणा दुकानासमोरसुद्धा आपापल्या डी-डायमरचे आकडे सांगितले जात होते. बाईंना एवढी प्रसिद्धी आधी कधी मिळाली नव्हती.

त्यांना आवरणारी एक जुनी गोळी म्हणजे वॉरफरिन. माणसाच्या औषधात येण्याआधी ती उंदरांचं विष म्हणून विकली जायची, हे बाई चारचौघांत निघू देत नाहीत. ही गोळी मेथी-पालकाचं प्रमाण एकदम बदललं की बिघडते, मग रक्त तपासून डोस पुन्हा जुळवायचा. नव्या गोळ्यांचा भाजीशी असा वाद नाही. तरी त्या किमान तीन महिने घ्याव्या लागतात, आणि धाप थांबली म्हणून पंधराव्या दिवशी डबी फडताळात टाकणारे यजमान बाईंना अतिशय प्रिय आहेत.