शाळा आधी की घर?

टिटवाळ्याचे नाव काढले की लोकांना महागणपती आठवतो. अंगारकीला स्टेशनापासून देवळापर्यंत माणसांची रीघ लागते. पण इथे कायमचे राहणारे बरेच जण काही देवासाठी आलेले नाहीत. परवडेल असे छप्पर शोधत ते कल्याणच्या पुढे सरकत आले. आमचे घरही त्यातलेच. बाबांचा पगार, लोकलची वेळ आणि जागेची किंमत एवढा हिशेब जुळला आणि आम्ही काळू नदीच्या काठचे झालो. त्या हिशेबात शाळा नव्हती. ती धाकटीमुळे आली.

धाकटी अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. आजी म्हणायची, "अगं, आपल्या घराण्यात सगळेच उशिरा बोलतात." पण पाठीमागे ताट पडले तरी पोर वळून पाहत नाही, हे आईच्या ध्यानात आले होते. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे; तिथे तपासणी झाली. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत होते. पुढे श्रवणयंत्र मिळाले. यंत्राने आवाज मोठा होतो, पण स्पष्ट होतोच असे नाही, हे आम्हांला हळूहळू उमगले. उरलेले ती ओठांवरून वाचते, आणि ओठ मोठे फसवे असतात. आरशासमोर उभे राहून आवाज न करता 'पाय', 'बाय' आणि 'माय' असे म्हणून पाहा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात!

मग शाळेचा शोध सुरू झाला. कर्णबधिरांच्या शाळा आपल्याकडे नव्या नाहीत. मुंबईत पहिली शाळा १८८५ साली निघाली. पण टिटवाळ्याहून मुंबई गाठायची म्हणजे जाताना दीड तास, येताना दीड तास, तेही चार वर्षांच्या मुलीला गर्दीतून सांभाळत. कोणी वसतिगृहाची शाळा सुचवली. आई म्हणाली, "जिला अजून नीट आई म्हणता येत नाही, तिला दूर ठेवून मी इथे काय करू?" जवळच्या एका शाळेत उत्तर मिळाले, "वर्गात साठ मुले. हिच्याकडे कोण पाहणार?"

एका रात्री बाबा म्हणाले, "जागा विकू आणि दादरला भाड्याने राहू." आईने वहीत आकडे मांडले. भाड्यातच निम्म्याहून अधिक पगार जात होता. वही मिटली. अमेरिकेत सरकारी शाळा बहुधा राहत्या पत्त्यावर ठरते. त्यामुळे अशा मुलांचे पालक आधी चांगली शाळा हेरतात आणि मग तिच्या हद्दीत घर पाहतात, असे मी वाचले आहे. ती सोयसुद्धा ज्याला घर बदलणे जमते त्याचीच. बाकीच्यांनी काय करायचे?

आपला कायदा याचे उत्तर देतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाप्रमाणे चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. पण हक्क कागदावर असतो आणि वर्गात बाई असतात. आम्हांला बाई चांगल्या मिळाल्या. त्यांनी धाकटीला पहिल्या बाकावर बसवले. खिडकीकडे पाठ करून उभे राहिले की चेहरा अंधारतो आणि ओठ दिसत नाहीत, हे आईने एकदाच सांगितले. तेव्हापासून त्या उभे राहण्याची जागा बदलून शिकवू लागल्या. या गोष्टीला खर्च काहीच आला नाही.

तरी एक प्रश्न उरलाच होता. हातांच्या खुणा शिकवल्या तर ती बोलायचा कंटाळा करील, असे बाबांना वाटे. बाबा काही एकटे नव्हते. १८८० साली मिलानच्या परिषदेत जमलेल्या शिक्षकांनी खुणांची भाषा शाळांतून हद्दपार करण्याचा ठराव केला होता. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडले. मग एकदा कल्याणच्या फलाटावर चार-पाच कर्णबधिर तरुण हातांनी गप्पा मारताना दिसले. थट्टामस्करी चालली होती. धाकटी जागची हलेना. आपल्यासारखी मोठी माणसेही असतात, हे तिने तोवर पाहिलेच नव्हते! आमची लोकल सुटली, पण बाबांनी तिला ओढले नाही. त्याच आठवड्यात दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशाच्या चित्रफिती पाहून आम्ही सगळे शिकू लागलो. ती तोंडाने मला "ता" म्हणते, आणि हातांनी मात्र पूर्ण वाक्ये बोलते.

पुढच्या वर्षी ती पाचवीत जाईल. तिच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग आहेत. म्हणजे शोध पुन्हा पहिल्यापासून. आई सांगते, "आता आपल्याला काय विचारायचे ते तरी ठाऊक आहे." मुख्याध्यापकांसाठी तिने एका कागदावर पाच प्रश्न लिहून ठेवले आहेत. पहिला प्रश्न असा : वर्गातले शिक्षक हिच्याकडे तोंड करून बोलतील का?

आपल्यापैकी बरेच जण बी. ए. नंतर बी. एड. करून शिक्षक होणार आहेत. कधीतरी पहिल्या बाकावरून एक मुलगी तुमच्या ओठांकडे एकटक पाहत असेल. मित्रांनो, त्या तासाला फळ्याकडे तोंड करून बोलू नका.