बॉक्स बंद, वायर तीच

प्रिय डब्लिनकर बाई,

तुझा साडेअकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज भांडी लावता लावता ऐकला. घरात टीव्ही आहे म्हणून वर्षाला 160 युरो लायसन्सचे, मग तो लावा नाहीतर त्यावर मोजे वाळत घाला! नवऱ्याला हे ऐकून फार बरं वाटलं. त्याला म्हटलं, आपल्याकडेही होतंच की. बाबांच्या कपाटात पोस्टाच्या शिक्क्यांची ती लायसन्सची पुस्तिका अजून आहे.

तर बातमी अशी, की आम्ही केबल बंद केली. निर्णय झाला एक्सेलमध्ये. एका रकान्यात केबल, दुसऱ्यात इंटरनेट आणि ॲप्स. 2019 मध्ये ट्रायचा नियम बदलला तेव्हा तू इथेच होतीस. शंभर चॅनेलांचे 130 रुपये, वर जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, आणि मग पैसेवाली चॅनेलं ज्याची त्याने निवडायची. अख्खी सोसायटी फॉर्मवर खुणा करत बसली होती, दिवाळीचा किराणा लिहावा तशी. यादी कशी लांबत गेली ते कोणाला कळलंच नाही. दुसऱ्या रकान्यात नवऱ्याने नेटफ्लिक्सचे 199 लिहिले (2021 च्या डिसेंबरात 499 वरून उतरलेलं ते बेसिक), आणखी दोन ॲप्स लिहिली, आणि ब्रॉडबँडपुढे मांडलं शून्य. का? तर ‘नेट कामाला लागतंच.’ घरकामाची किंमतही आपल्याकडे अशीच धरतात, पण मी गप्प बसले.

गंमत पुढे आहे. गच्चीवर चढून ‘आलं का?’ म्हणून ओरडणारे आपले केबलवाले काका आठवतात? त्यांचा मुलगा आता ब्रॉडबँड देतो. एका हाताने त्याने केबलची पिन काढली, दुसऱ्या हाताने फायबरची लावली, आणि त्याच भोकातून वायर आत घेतली. पैसे न्यायला पूर्वी त्याचे वडील यायचे, आता याचा क्यूआर कोड येतो. मग आम्ही रात्री बारापर्यंत वाद घातला तो नेमका कशावर?

पहिला आठवडा छान गेला. मग मागच्या महिन्यात साताऱ्याला मावशीकडे गेलो. मावशीकडे केबल. आमची पाच वर्षांची ठमी कार्टून बघत होती, जाहिरात लागली. म्हणाली, “आई, पुढे ढकल ना.” म्हटलं, ढकलता येत नाही. “मग थांबव, मला शू लागलीय.” थांबवताही येत नाही. ती कंबरेवर हात ठेवून मावशीला म्हणाली, “तुमचा टीव्ही मोडलाय का?”

हसलो सगळे, पण मला ते डोक्यातून जाईना. अगं, आपल्या लहानपणी टीव्ही संपायचा. पाट्या पडायच्या, पुढे काहीतरी मोठ्यांचं लागायचं, आपण आपोआप उठायचो. “आता काही लागत नाही” असं आई म्हणायची आणि ते खरं असायचं. माझ्याकडे एक भाग संपतो न संपतो तोच पुढचा आपला आपण सुरू. म्हणजे बंद करणारी दुष्ट बाई रोज मीच. ते ऑटोप्ले बंद करता येतं हे मला दोन महिन्यांनी कळलं, आणि बंद केल्यावर ठमीला बटण कुठलं दाबायचं हे दोन मिनिटांत. शेवटी मी खोटं बोलायला लागले, “नेट गेलं.” परवा तिने जाऊन राउटर बघितला आणि सांगत आली, “आई, हिरवा आहे.”

नवऱ्याचं दुःख वेगळं. 2022 मध्ये आयपीएलचे हक्क विकले गेले तेव्हा डिजिटलचे दोन भाग मिळून टीव्हीच्या 23,575 कोटींच्या पुढे गेले, हे तो घरचंच कार्य असल्यासारखं सांगत फिरायचा. आता समोरच्यांकडे केबल आहे. त्यांच्याकडून “गेलाऽऽ” अशी आरोळी येते तेव्हा आमचा बोलर अजून पँटला बॉल घासत असतो. नेटवरून येणारं चित्र काही सेकंद मागे असतं, त्याला कोण काय करणार? बिचारा खिडक्या लावून मॅच बघतो. एप्रिलमध्ये, डोंबिवलीत!

आणि मग सासूबाई आल्या. त्यांना चॅनेल नावाने नाही, नंबराने माहीत. ते नंबर कागदावर लिहून रिमोटच्या पाठीला सेलोटेपने चिकटवलेले, वर प्लॅस्टिकची पिशवी. नवऱ्याने हौसेने दाखवलं, “आई, ॲपवर पैसे भरले की भाग टीव्हीच्या आधीच दिसतो, सकाळीच बघ.” त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की आपण नको त्याला इंजिनिअर केलं. म्हणाल्या, “सकाळी बघून संध्याकाळी काय करू?”

माझ्या डोक्यात तेव्हा ट्यूब पेटली. साडेसातला मालिका म्हणजे सव्वासातला कूकर उतरलेला, देवापाशी दिवा झालेला आणि आठला नाशिकच्या नणंदेला फोन, आज काय झालं ते बोलायला. त्या फोनला दोघींनी एकाच वेळी बघितलेलं असणं लागतं. त्याला एक्सेलमध्ये रकाना कुठला?

केबलवाल्या काकांच्या त्या मुलाला फोन करून बॉक्स परत चालू करून घेतला. आई इकडे असतील तेवढेच महिने रिचार्ज, असं ठरलंय. तो म्हणाला, “वहिनी, निम्म्या बिल्डिंगचं असंच आहे.” आता ठमीसुद्धा आजीच्या मांडीवर बसून जाहिराती मुकाट बघते, आणि आठ वाजता आजी टीव्ही बंद करते तेव्हा रडत नाही. माझ्यासमोर मात्र भोकाड.

डिसेंबरात तू येशील तेव्हा त्या इथेच असतील. राहायलाच ये, चकलीची भाजणी आणून ठेवते. फक्त साडेसात ते आठच्या मध्ये बेल वाजवू नकोस, कोणी दार उघडणार नाही.

तुझीच,
डोंबिवलीकर