पन्नास माणसं आणि एक भिंत

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर कृपया संपादक मंडळाच्या खात्यावर मांडाव्यात!

तर झालं असं, की जर्मनच्या तोंडी परीक्षेसाठी मॅडमनी चिठ्ठ्या काढायला लावल्या. कोणाला म्युनिक आलं, कोणाला हँबुर्ग. माझ्या चिठ्ठीवर ‘म्योडलारॉइट’. उच्चार करतानाच जीभ अडखळली. शोधलं तर कळलं, हे एक खेडं आहे आणि वस्ती जेमतेम पन्नासच्या आसपास. आमच्या विंगमध्ये याहून जास्त मुली आहेत! पाच मिनिटं बोलायचं तरी काय?

पण वाचत गेले आणि गुंतत गेले.

होफ शहराच्या उत्तरेला हे गाव आहे. मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो. ओढा कसला, आपल्याकडे त्याला ओहोळच म्हणतील. पण सरहद्द म्हणजे हाच ओढा. १८१० साली त्याच्या काठाने दगड रोवले गेले. एका बाजूला बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या बाजूला रॉइसचं छोटं संस्थान. गावकऱ्यांना त्याचं काही विशेष नव्हतं. शाळा आणि खानावळ ओढ्याच्या एका बाजूला होती, चर्चला जायचं ते दुसऱ्या बाजूच्या शेजारगावात. लग्नं, शेती, भांडणं सगळं एकत्रच.

दुसरं महायुद्ध संपलं आणि त्याच जुन्या रेषेवर जगाची वाटणी झाली. बव्हेरियाची बाजू अमेरिकेकडे, थुरिंगियाची रशियाकडे. १९४९ मध्ये दोन वेगळे देशच झाले. तरी काही काळ परवाना घेऊन पलीकडे जाता यायचं. १९५२ मध्ये तेही बंद झालं. पूर्वेच्या बाजूने फळ्यांचं कुंपण आलं, काही कुटुंबांना घरातून उठवून दुसरीकडे नेण्यात आलं. आणि १९६६ मध्ये सुमारे सातशे मीटर लांबीची काँक्रीटची भिंत उभी राहिली. अमेरिकन सैनिक या गावाला ‘लिटल बर्लिन’ म्हणायचे.

मला सर्वांत जास्त काय लागलं सांगू? पूर्वेकडच्या लोकांना पलीकडे बघून हात हलवायलासुद्धा बंदी होती. समोर स्वतःचा भाऊ उभा असला, तरी!

आता मुद्द्याचं. आमच्या खोलीतसुद्धा एक भिंत होती. लोखंडी कपाटाची. ते मीच ओढून मधोमध लावलं होतं. पंख्याचं बटण तिच्या बाजूला, खिडकी माझ्या बाजूला. कारण सगळ्या विंगला माहीत होतं, पण अर्धंच. सबमिशनच्या वेळी दोघींची जर्नल्स शब्दशः सारखी निघाली. ‘तिने न विचारता घेतलं’ असं मी सरांना सांगितलं. खरं तर रात्री अकरा वाजता मीच तिला जर्नल दिलं होतं, ‘उतरव पटकन’ म्हणून. तिचे मार्क गेले, माझे वाचले. ती सरांपुढे एक अक्षर बोलली नाही. खोलीवर आल्यावरही नाही. मला तिच्या नजरेला नजर देता येईना, म्हणून कपाट मधे आलं. दोन महिने आम्ही बोललो नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री मी मोठ्याने पाठ करत होते. जर्मन वाक्य, मग त्याचा मराठी अर्थ. हात हलवण्याच्या बंदीपाशी आले आणि कपाटापलीकडून आवाज आला, “आणि भिंत बांधली कोणी गं?”

मी गप्प झाले. मग म्हणाले, “ज्यांना भीती वाटत होती त्यांनी.” आणि त्याच दमात, “जर्नल मीच दिलं होतं. उद्या सरांना सांगते.”

सांगितलं. माझेही मार्क गेले. सर रागावले ते वेगळंच.

म्योडलारॉइटची भिंत ९ डिसेंबर १९८९ ला उघडली, बर्लिननंतर बरोबर एका महिन्याने. पुढच्या वर्षी १७ जूनला ती पाडायला सुरुवात झाली. एक तुकडा मात्र मुद्दाम ठेवलाय, तिथे आता संग्रहालय आहे. आणि गंमत म्हणजे गाव अजूनही दोन राज्यांत आहे! दोन पिनकोड, दोन टेलिफोन कोड, दोन महापौर. एका बाजूचे ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात, दुसऱ्या बाजूचे ‘गूटन टाग’. दगडही आहेत. पण ओढा ओलांडायला आता कोणाला विचारावं लागत नाही.

आमचं कपाट परत भिंतीला लागलंय. फरशीवर त्याच्या पायांचे चार ओरखडे तेवढे राहिलेत. तिला पंखा पाचवर लागतो, मला दोनवर. त्यावरून रोज भांडतो. पण बोलून!